जुने दुखणे आणि नवा अपघात

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असे आपण सहज बोलून जातो. फांदी आधीच कुजलेली होती, ती आज ना उद्या मोडायचीच. मग बिचाऱ्या कावळ्याला दोष कशाला, हा त्या म्हणीतला भाव. घरगुती बोलण्यात ही म्हण शोभून दिसते. परंतु मोटार अपघाताच्या नुकसानभरपाईच्या दाव्यात विमा कंपनीच्या वतीने जेव्हा हाच युक्तिवाद होतो, तेव्हा त्याच्या निर्णयावर एखाद्या कुटुंबाची पुढची दहा-वीस वर्षे अवलंबून असतात. म्हणून आजच्या विषयाचा आरंभ या म्हणीपासूनच करणे आम्हाला उचित वाटते.

समजा, हातखंब्याच्या तिठ्यावर एका रिक्षाला मागून टेंपोची धडक बसली. रिक्षात तिघे जण होते. एक कॉलेजात जाणारा मुलगा, एक बेचाळीस वर्षांचा कलमांच्या बागेत आंबे उतरवणारा गडी आणि एक सत्तरीच्या आजीबाई. मुलाला थोडे खरचटले आणि दोन दिवसांत तो हिंडू-फिरू लागला. गड्याचा उजवा गुडघा पूर्वीपासून अधूनमधून दुखत असे. त्याच गुडघ्याला मार बसला आणि आता तो नीट वाकत नाही. आजीबाईंचे खुब्याचे हाड मोडले आणि त्या अंथरुणाला खिळल्या. धडक एकच, पण परिणाम तीन. टेंपोची विमा कंपनी आता म्हणते, "धडक मोठी असती तर मुलगा कसा वाचला? आजीबाईंची हाडे वयाने ठिसूळ झालेली होती, गड्याचा गुडघा आधीचाच निकामी होता. त्यांच्या वयाचे आणि दुखण्याचे पैसे आम्ही काय म्हणून भरायचे?"

हा प्रश्न वाटतो तितका पोकळ नाही. जे नुकसान आपल्यामुळे झालेच नाही ते कोणी भरून द्यावे, असे कोणताच न्याय सांगणार नाही. पण त्याचबरोबर हेही खरे की, पन्नाशीच्या पुढचे किती लोक आज निर्दोष शरीराने रस्त्यावरून जातात? कोणाला मधुमेह, कोणाला रक्तदाब, कोणाची कंबर धरलेली, कोणाचा मोतीबिंदू काढलेला. फक्त धडधाकट माणसालाच भरपाई द्यायची असे ठरले, तर कशेडीपासून राजापूरपर्यंतच्या महामार्गावरून जाणाऱ्या निम्म्या प्रवाशांना कायद्याचे संरक्षणच उरणार नाही. या दोन टोकांच्या मध्ये न्यायाची रेघ कोठे ओढायची, हा आजचा विषय.

कायद्याची थोडी पूर्वपीठिका

रस्त्यावरच्या अपघाताची भरपाई मागण्याचा मार्ग पूर्वी लांबचा होता. दिवाणी न्यायालयात रीतसर दावा लावावा लागे, कोर्ट-फी भरावी लागे आणि निकाल लागेपर्यंत जखमी माणूस थकून जाई. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात १९५६ साली दुरुस्ती होऊन अशा दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणांची सोय झाली. पुढे १९८८ चा नवा कायदा आला आणि तो १ जुलै १९८९ पासून अमलात आला. २०१९ साली त्यात मोठे फेरबदल झाले. त्यांतील विम्याचे आणि भरपाईचे प्रकरण १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे.

या कायद्याच्या १६८ व्या कलमात एक लहानसा पण वजनदार शब्द आहे. न्यायाधिकरणाने जी रक्कम त्याला 'न्याय्य' वाटेल ती द्यावी, असे ते कलम सांगते. न्याय्य म्हणजे घबाड नव्हे आणि भीकही नव्हे. अपघातापूर्वी माणूस ज्या स्थितीत होता, त्या स्थितीत पैशाने जितके नेऊन ठेवता येईल तितके ठेवणे, हा भरपाईचा हेतू. हे वाक्य श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे, कारण आपल्या विषयाची दोन्ही उत्तरे त्यातच आहेत. 'पूर्वी ज्या स्थितीत होता' म्हणजे काही आदर्श निरोगी स्थितीत नव्हे. त्याच्या स्वतःच्या, खऱ्याखुऱ्या स्थितीत. त्याहून चांगले काही तो मागू शकत नाही. पण त्याहून कमी त्याला देताही येत नाही.

माणूस जसा आहे तसा

हा विचार इंग्लंडमध्ये स्पष्ट शब्दांत मांडला गेला. १९०१ साली तेथे एक खटला चालला. दारूच्या दुकानात काम करणारी एक गरोदर स्त्री गल्ल्यामागे उभी असता घोडागाडी बेफामपणे आत घुसली. तिला धक्का लागला नाही, पण भीतीने ती आजारी पडली आणि अकाली प्रसूत झाली. त्या वेळी न्यायाधीशांनी असे मत दिले की, निष्काळजीपणे एखाद्याला इजा करणाऱ्याने, समोरच्याची कवटी नेहमीपेक्षा पातळ होती किंवा त्याचे हृदय कमजोर होते, अशी सबब पुढे करून सुटू नये. पुढे या तत्त्वाला अंड्याच्या टरफलासारख्या कवटीचा नियम असे नाव पडले. आपल्या भाषेत सांगायचे तर, ज्याला धडक दिली तो जांभ्या दगडाचा होता की कच्च्या मडक्याचा, हे निवडण्याचा हक्क धडक देणाऱ्याला नसतो.

१९५१ च्या वृत्तांतात आलेला दुसरा एक निकाल पाहा. लंडनमधील एका नगरसंस्थेच्या गॅरेजमध्ये एका डोळ्याने आंधळा असलेला कामगार काम करीत होता. हातोडा मारताना लोखंडाचा कण उडाला आणि त्याचा उरलेला डोळाही गेला. मालकाचे म्हणणे असे की, त्या कामाला संरक्षक चष्मा देण्याची रीतच नव्हती. इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने ते मान्य केले नाही. दोन डोळ्यांच्या माणसाचा एक डोळा गेला तर तो अधू होतो. एका डोळ्याच्या माणसाचा तोच डोळा गेला तर तो आंधळा होतो. हे व्यंग मालकाला ठाऊक होते, म्हणून त्याने अधिक काळजी घ्यायला हवी होती. म्हणजे जुन्या व्यंगामुळे मालकाची जबाबदारी कमी झाली नाही, उलट वाढली.

तिसरा निकाल १९६२ च्या वृत्तांतात आला. एका कारखान्यात वितळलेल्या धातूचा थेंब उडून कामगाराचा ओठ भाजला. इजा किरकोळ. पण त्या जागी कर्करोग उद्भवला आणि तीन वर्षांत तो कामगार वारला. त्याच्या शरीरात त्या रोगाची पूर्वतयारी होती, असे डॉक्टरांचे मत. तरीही मालकाला जबाबदार धरण्यात आले, कारण भाजल्यामुळे तो रोग जागा झाला. मात्र रक्कम ठरवताना न्यायाधीशांनी एक गोष्ट हिशेबात धरली: भाजला नसता तरी हा रोग पुढे कधीतरी होण्याचा संभव होता. म्हणून भरपाई कमी केली. जबाबदारी पूर्ण, पण रक्कम वास्तवाला धरून, हा या निकालाचा गाभा.

इंग्लंडचे निकाल आज आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाहीत, हे खरे. पण हे तत्त्व आपल्याला परके नाही. आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने त्याच काळात याच जातीचा विचार मांडलेला आहे. लक्ष्मीबाई आत्माराम विरुद्ध मुंबई पोर्ट ट्रस्ट हा तो निकाल, १९५४ च्या वृत्तांतात छापलेला. मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी दिलेला. पोर्ट ट्रस्टचा एक पहारेकरी हृदयविकाराने आजारी होता आणि कामाच्या ताणाने त्याला मृत्यू आला, असा त्याच्या विधवेचा दावा. तो मोटार कायद्याखालचा नव्हता, कामगार भरपाई कायद्याखालचा होता. पण प्रश्न तोच. न्यायालयाने विभागणी केली ती अशी: रोगाने आपल्या नैसर्गिक गतीने माणूस नेला असेल तर मालक जबाबदार नाही. परंतु कामामुळे मृत्यू लवकर ओढवला असेल, किंवा रोग आणि काम या दोहोंनी मिळून तो घडवला असेल, तर मालक जबाबदार आहे. काम हेच एकमेव कारण असले पाहिजे, असे नाही. ते कारणांपैकी एक असले तरी पुरे.

याच विचाराची दुसरी बाजू सर्वोच्च न्यायालयाच्या पुढच्या निकालांत दिसते. ट्रकवरच्या एका तरुण क्लीनरचा हृदयक्रिया बंद पडून मृत्यू झाला. त्या प्रकरणी, २००७ च्या वृत्तांतात आलेल्या निकालात, कामाच्या ताणाचा पुरावा नाही म्हणून दावा नाकारला गेला. नोकरीवर असताना मृत्यू आला एवढेच पुरत नाही, असे न्यायालयाने सांगितले. उलट २०१२ साली एका ट्रकचालकाच्या बाबतीत, तो अकराशे किलोमीटरहून अधिक अंतर गाडी चालवीत गेला होता आणि वाटेत अस्वस्थ होऊन वारला, हे पाहून दावा मंजूर झाला. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की ध्यानात येते, तत्त्व बदललेले नाही. बदलला तो पुरावा. कावळा आणि फांदी यांचा संबंध होता की निव्वळ गाठ पडली, हे कोणाच्याही दयेवर नव्हे, तर कागदावर आणि साक्षीवर ठरते.

शरीर काय सांगते

आता डॉक्टरांच्या बाजूने थोडे पाहू. जुने दुखणे आणि नवी इजा यांचे नाते चार प्रकारचे असू शकते.

पहिला प्रकार, झोपलेले दुखणे जागे होणे. मानेच्या किंवा कमरेच्या मणक्यांची झीज वयाबरोबर होतेच. चाळिशी-पन्नाशीच्या पुष्कळ माणसांच्या एक्स-रेमध्ये ती दिसते आणि त्यांतल्या अनेकांना कधी कंबर दुखल्याचे स्मरतही नाही. अशा माणसाला मागून धडक बसली, मान झटक्याने मागेपुढे झाली आणि तेव्हापासून हाताला मुंग्या येऊ लागल्या, तर एक्स-रेमधील झीज जुनी असूनही दुखणे नवे आहे. केवळ चित्रात झीज दिसते म्हणून दावा खोटा ठरत नाही.

दुसरा प्रकार, असलेले दुखणे वाढणे. आमच्या उदाहरणातील गड्याचा गुडघा या प्रकारातला. तेथे भरपाई मिळते ती वाढीची. पहिल्या दुखण्याची नव्हे.

तिसरा प्रकार, जुन्या रोगामुळे नवी जखम बरी न होणे. मधुमेही माणसाच्या पायावरून चाक गेले. निरोग्याची जखम महिनाभरात भरली असती, याची चिघळली आणि शेवटी पाऊल कापावे लागले. किंवा हृदयविकारासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धाच्या डोक्याला साधा मार बसला. त्या दिवशी काहीच वाटले नाही, पण मेंदूवरच्या आवरणाखाली रक्त हळूहळू साचत गेले आणि काही आठवड्यांनी तो बेशुद्ध पडला. आजीबाईंचेही तसेच. वयोमानाने, विशेषतः स्त्रियांची, हाडे विरळ होतात आणि थोड्या धक्क्यानेही खुबा मोडतो. खुबा मोडलेला वृद्ध अंथरुणावर पडला की छातीत कफ साचणे, पायाच्या शिरेत रक्त गोठणे ही संकटे मागोमाग येतात. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. अशा साखळीत प्रत्येक कडी आधीच्या कडीतून निघालेली असेल, तर शेवटच्या कडीचे मूळही अपघातातच शोधावे लागते.

चौथा प्रकार, दोहोंचा काहीच संबंध नसणे. हाताचे हाड मोडून ते जुळूनही आले, आणि वर्षाने पोटाच्या भलत्याच विकाराने माणूस गेला. हा मृत्यू अपघाताच्या खात्यावर मांडता येणार नाही. पण अशा वेळी मूळ दावा बुडतो असे समजू नये. जखमी माणसाने केलेला दावा त्याच्या मृत्यूनंतर, मृत्यूचे कारण वेगळे असले तरी, वारसांना पुढे चालवता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सांगितले आहे. मात्र वेदनांसारख्या ज्या गोष्टी केवळ त्याच्या व्यक्तिगत होत्या त्या जातात; औषधोपचाराचा खर्च, बुडालेली कमाई, असे जे नुकसान त्याच्या मालमत्तेचे झाले ते वारसांना मागता येते.

टक्केवारीचा घोळ

येथवर तत्त्व झाले. प्रत्यक्षात घोटाळा होतो तो आकड्यांत. सर्वसामान्य समजूत अशी की, डॉक्टरने दाखल्यावर चाळीस टक्के लिहिले की चाळीस टक्के भरपाई. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या, २०११ च्या वृत्तांतात आलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही समजूत खोडून काढली. एका अवयवाचे अपंगत्व वेगळे, सबंध शरीराचे वेगळे आणि कमावण्याच्या शक्तीतील घट ही तिसरीच गोष्ट. डावा हात गेलेला कारकून आपले काम पुष्कळसे करू शकेल. तोच हात गेलेला सुतार किंवा मोटारचालक घरी बसेल. म्हणून न्यायाधिकरणाने माणूस अपघातापूर्वी काय करीत होता, आता काय करू शकतो आणि दुसरे कोणते काम करून पोट भरू शकेल, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे शोधली पाहिजेत.

आमच्या गड्याचा हिशेब मांडून पाहू. महिन्याला तो सरासरी १५,००० रुपये मिळवीत होता असे धरा. प्रणय सेठी प्रकरणातील २०१७ च्या निकालाप्रमाणे, चाळीस ते पन्नास वयाच्या स्वतंत्रपणे कमावणाऱ्या माणसाच्या मिळकतीत भविष्यातील वाढीसाठी २५ टक्के मिळवतात. झाले १८,७५० रुपये महिना, म्हणजे वर्षाला २,२५,००० रुपये. सरला वर्मा प्रकरणातील २००९ च्या निकालाने वयाप्रमाणे गुणक ठरवून दिले आहेत. एक्केचाळीस ते पंचेचाळीस वयाला तो १४ आहे. गुणाकार ३१,५०,००० रुपये. आता दाखल्यावर सबंध शरीराचे अपंगत्व १५ टक्के लिहिले असेल आणि तेवढेच धरले, तर कमाईच्या नुकसानापोटी मिळतील ४,७२,५०० रुपये. पण हा माणूस झाडावर चढून आंबे उतरवतो. चढणे संपले, खाली बसून आंबे निवडणे, पेट्या भरणे एवढेच उरले, आणि त्यात निम्मी मजुरी, असे पुराव्याने दिसले, तर कमाईतील घट ५० टक्के धरावी लागेल. तेव्हा रक्कम होते १५,७५,००० रुपये. दोहोंत अकरा लाखांहून अधिक फरक. दाखला तोच, गुडघा तोच. विचारलेला प्रश्न मात्र वेगळा. उपचार, वेदना, बरा होईपर्यंत बुडालेली मजुरी यांचे पैसे यावर आणखी वेगळे.

आता विमा कंपनी म्हणेल, गुडघ्यात दहा टक्के दोष जुना होता, तेवढे वजा करा. येथे सावधपणे विचार केला पाहिजे. तो जुना दोष घेऊनच गडी महिन्याला १५,००० मिळवीत होता. दोषामुळे त्याची मजुरी कमी होत असेल, तर ती कमी झालेली मजुरीच आपण हिशेबाला घेतली आहे; आणि दोषाचा मजुरीवर परिणाम होत नसेल, तर वजा करण्यासारखे काही उरतच नाही. दोन्हीकडून पाहिले तरी टक्केवारीतून पुन्हा दहा वजा करणे म्हणजे एकच उणे दोनदा मांडणे. मात्र डॉक्टरांच्या जुन्या कागदावरूनच असे दिसले की, या गुडघ्याने दोन-तीन वर्षांत झाडावर चढणे सोडावेच लागणार होते, तर पुढच्या वर्षांच्या रकमेत काही कपात होणे न्याय्यच आहे. फांदी किती वर्षे टिकली असती, हा प्रश्न विचारायलाच हवा; पण त्याचे उत्तर पुराव्याने द्यायला हवे, अंदाजाने फांदीला कुजकी म्हणून नव्हे.

आजीबाई काहीच कमवीत नव्हत्या, मग त्यांचे नुकसान काय, असेही कोणी विचारील. घरचे रांधणे, नातवंडे सांभाळणे, गोठा पाहणे या कामाचे मोल धरले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ सालच्या कीर्ती प्रकरणात पुन्हा ठासून सांगितले आहे. शिवाय निष्काळजीपणा सिद्ध न करताही १६४ व्या कलमाखाली ठरावीक भरपाई मागता येते: मृत्यूसाठी ५ लाख रुपये, गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख. फौजदारी कायद्याच्या व्याख्येप्रमाणे हाड मोडणे ही गंभीर दुखापत आहे. ते हाड ठिसूळ होते की वज्राचे, असा भेद त्या व्याख्येत नाही.

दोन विम्यांची गल्लत

लोकांच्या मनातील भीतीचे मूळ आणखी एका गैरसमजात आहे. आरोग्य विमा घेताना जुना रोग जाहीर करावा लागतो आणि त्याच्यासाठी प्रतीक्षेचा काळ असतो. २०२४ पासून तो जास्तीत जास्त ३६ महिने आहे. हे ऐकून माणसाला वाटते, मोटारीच्या दाव्यातही 'आधीचा रोग' म्हटले की पैसे बुडाले. पण आरोग्य विमा हा आपण स्वतः केलेला करार असतो. अपघाताच्या दाव्यात आपला कंपनीशी करारच नसतो. आपण त्रयस्थ असतो. करार टेंपोच्या मालकाचा, आणि त्याच्या चुकीची जोखीम कंपनीने पत्करलेली. आपण कोणापुढे कधी प्रकृतीचे निवेदन केलेले नसते, तेव्हा ते लपवल्याचा आरोपही लागू होत नाही.

स्वतःच्या नावावर अपघाती मृत्यूचा लाभ देणारी पॉलिसी असेल, तर मात्र गोष्ट निराळी. तेथे कराराचे शब्द पाळले जातात. मोटारसायकल चालवताना छातीत कळ येऊन पडलेल्या आणि हृदयविकाराने वारलेल्या एका गृहस्थांच्या बाबतीत, २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने अपघाती लाभ नाकारला. कारण मृत्यूचे कारण बाहेरचा अपघात नसून आतला विकार होता. हा निकाल दाखवून कोणी आजीबाईंचा दावा उडवू पाहील, तर दोन्ही गोष्टी भिन्न आहेत, हे ओळखावे.

लपवाछपवीचे फळ

आता सर्वांत महत्त्वाचे. न्यायालयाच्या ओवरीत बसून आम्ही पुष्कळदा ऐकतो, "वकीलसाहेब, बाबांना शुगर होती हे सांगायचे नाही ना?" कोणी जुने केसपेपर फाडून टाकतो, कोणी साक्षीत छातीठोकपणे सांगतो की, माझी कंबर जन्मात कधी दुखली नाही. हेतू दुष्ट नसतो, भीती असते. पण अपघाताच्या दिवशी जखमीला रुग्णालयात आणल्यावर डॉक्टर प्रथम पूर्वीचे आजार विचारतात आणि नातेवाईक त्या घाईत खरे तेच सांगतात. ते कागदावर उतरते. 'मधुमेह, दहा वर्षे' ही ओळ उलटतपासणीत समोर ठेवली की साक्षीदाराचा चेहरा उतरतो, आणि मग तो जे खरे बोलला तेही संशयाने झाकोळते. जुन्या रोगाने जो दावा बुडाला नसता, तो खोट्या शब्दाने बुडतो.

खरे पाहता जुने कागद हे दावेदाराचे शत्रू नसून साक्षीदार आहेत. गेली पाच वर्षे साखर आटोक्यात होती, असे तपासण्यांचे कागद दाखवतात. गुडघ्यासाठी गड्याने वर्षातून एकदाच गोळ्या घेतल्या आणि तरी सबंध हंगाम काम केले, हे बागमालकाच्या मजुरीच्या वहीवरून दिसते. आजीबाई रोज भगवती देवळापर्यंत पायी जात होत्या, हे शेजारी शपथेवर सांगू शकतात. 'आधी' काय होते हे जितके स्पष्ट, तितके 'नंतर' काय गेले हे उठून दिसते. ज्याच्यापाशी 'आधी'चा काहीच पुरावा नाही, त्याच्या 'नंतर'वर विरोधी पक्षाला हवे ते रंगवता येते.

म्हणून काही व्यावहारिक सूचना करून ठेवतो. अपघातानंतर लागलीच रुग्णालयात जावे. 'बघू उद्या' म्हणून चार दिवस घालवले की दुखणे मधल्या काळात झाले, असा आक्षेप येतो. ५ मे २०२५ पासूनच्या केंद्र सरकारच्या योजनेप्रमाणे अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोख न भरता उपचार मिळण्याची सोय झाली आहे. डॉक्टरांना जुने आजार आणि चालू औषधे सांगावीत. हे दाव्यासाठी नव्हे, जिवासाठी आवश्यक आहे. पूर्वीच्या आणि नंतरच्या एक्स-रे फिल्म दोन्ही जपाव्यात. शक्य तर ज्या डॉक्टरांनी प्रत्यक्ष उपचार केले त्यांचीच साक्ष व्हावी, आणि त्यांना एक प्रश्न अवश्य विचारला जावा: "हा अपघात झाला नसता तर हा माणूस आज कोणत्या स्थितीत असता?" पैसे घेऊन हवा तो दाखला लिहून देणाऱ्यांपासून दूर राहावे, अशा तयार दाखल्यांविषयी न्यायाधिकरणांनी सावध असावे, असे सर्वोच्च न्यायालयानेच बजावले आहे.

दावा लावण्याची मुदत कायद्यात अपघातापासून सहा महिने अशी आहे; तेव्हा आळस करू नये. दावा अपघात झाला त्या भागात, आपण राहतो त्या भागात किंवा प्रतिवादी राहतो त्या भागात लावता येतो. गणपतीला गावी येताना महामार्गावर जखमी झालेल्या चाकरमान्याला त्यासाठी रत्नागिरीला खेपा घालण्याची गरज नाही, मुंबईत दावा चालू शकतो. आणि रत्नागिरीच्या निकालावरील अपिलासाठी मुंबई गाठण्याचा त्रासही वाचला आहे. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ कोल्हापुरास सुरू झाले असून आपला जिल्हा त्याच्या कक्षेत आहे.

शेवटी पुन्हा त्या म्हणीकडे येऊ. झाडावर प्रत्येक फांदी सारखी नसते. काही कोवळ्या, काही जून, काहींना वाळवी लागलेली. तरीही त्या उन्हापावसात उभ्या असतात, फळे धरतात, सावली देतात. कुणीतरी बेपर्वाईने कुऱ्हाड चालवावी आणि मग म्हणावे, ही जूनच होती, हे शहाणपण न्यायाला मान्य नाही. तशीच, वाळून आपोआप गळालेली फांदी दाखवून दुसऱ्याच्या कुऱ्हाडीवर आळ घ्यावा, हेही त्याला मान्य नाही. म्हातारा, आजारी, अधू, जसा असेल तसा माणूस रस्त्यावर निर्धास्तपणे चालू शकला पाहिजे, एवढेच कायदा सांगतो. त्याच्या बदल्यात तो आपल्याकडून एकच गोष्ट मागतो, आणि ती म्हणजे आपल्या शरीराविषयी खरे बोलणे. ते ज्याने केले, त्याने जुन्या दुखण्याला भिण्याचे कारण नाही.